विश्लेषण : ठाण्याचे मनोरुग्णालय नवे होणार, डहाणू-तलासरीच्या रुग्णाची वाट कमी होणार का?

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या जुन्या इमारती पाडून त्या जागी बंगळुरूच्या ‘निम्हान्स’च्या धर्तीवर तीन हजारांहून अधिक खाटांचे रुग्णालय बांधण्याची राज्य सरकारची योजना आहे. १९०१ पासून ‘ठाण्याला पाठवा’ हे शब्द टिंगलीत वापरले जात आहेत. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांच्यासाठी मात्र हेच शब्द शेवटचा आधार होते. पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा झाला, तरी गंभीर मानसिक आजारासाठी भरती व्हायचे तर डहाणू-तलासरीच्या माणसाला आजही ठाण्याचेच नाव सांगितले जाते. जुन्याच्या जागी नवे येताना नेमके काय बदलणार आणि काय तसेच राहणार, याचा हा आढावा.

मसोलीहून ठाणे किती दूर?

नकाशावर फार दूर नाही. पण डहाणू रोड स्थानक पश्चिम रेल्वेवर, चर्चगेटपासून १२४ किलोमीटरवर आहे आणि ठाणे मध्य रेल्वेवर. दोन्हींना जोडणारा वसई-दिवा मार्ग ठाणे स्थानकाला वळसा घालून जातो. त्यामुळे मसोलीहून निघालेले कुटुंब लोकलने दादरपर्यंत खाली येते, पूल ओलांडते, मध्य रेल्वेची गाडी पकडून पुन्हा वर ठाण्याला जाते आणि तिथून रिक्षा करते. रस्त्याने जायचे तर महामार्ग आणि घोडबंदरची कोंडी. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर, एका बाजूला अर्धा दिवस.

आता हाच प्रवास तीन रात्री न झोपलेल्या, कानात आवाज येणाऱ्या, आपल्याला कुठे नेताहेत हे न कळणाऱ्या माणसाला घेऊन करायचा आहे. भरलेल्या लोकलमध्ये हे जमत नाही. मग गाडी भाड्याने घ्यावी लागते, सोबत दोघे-तिघे लागतात आणि त्यांची मजुरी बुडते. हे एकदाच करायचे असते तर कुटुंबाने उसनवारी करून निभावले असते. पण स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकार हे मधुमेहासारखे लांबणारे आजार आहेत. त्यांत औषध महिन्याच्या महिन्याला लागते. एक महिना चुकला, दुसरा चुकला, की आजार उलटतो आणि पुन्हा गाडी शोधावी लागते. नव्या रुग्णालयाची चर्चा खाटांच्या आकड्याभोवती फिरते आहे. डहाणूच्या बाजूने पाहिले तर पहिला प्रश्न या अंतराचा आहे.

हे रुग्णालय मुळात बांधले कशासाठी?

आज महाराष्ट्रात चालणारी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ब्रिटिश काळातली आहेत. नागपूरचे १८६४चे, रत्नागिरीचे १८८६चे, ठाण्याचे १९०१चे, तर पुण्यातील येरवड्याचे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सध्याच्या जागी वाढत गेले. त्याआधी मुंबईत कुलाब्याला ‘ल्युनॅटिक असायलम’ होते. शहर वाढले, कुलाब्यात जागा पुरेना, तेव्हा गर्दी शहराबाहेर काढायचे ठरले. ठाण्याजवळ नौपाड्याला मोकळी जमीन होती आणि रेल्वे तर १८५३ पासूनच होती. देणगीदार नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने हे रुग्णालय ओळखले जाऊ लागले. जुन्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘एन. एम. मेंटल हॉस्पिटल’ असा आढळतो.

जागा निवडण्यामागचा विचार स्पष्ट होता. शहराला ज्याचा त्रास होतो त्याला शहरापासून लांब, भिंतीआड, पण गाडीने नेता येईल अशा ठिकाणी ठेवायचे. १८५८च्या कायद्यानुसार रस्त्यावर भटकणाऱ्या ‘वेड्या’ला पोलिसांनी पकडून न्यायाधीशासमोर उभे करायचे आणि न्यायाधीशाने आदेश दिला की असायलममध्ये पोहोचवायचे, अशी पद्धत होती. त्यात डॉक्टरच्या आधी पोलीस येई. ठाण्याच्या भिंती उंच का होत्या, याचे उत्तर इथे सापडते.

आत आलेल्या माणसाची माहितीही पोलीसच लिहून देत. १८९३-९४ मध्ये सरकारने गांजा-भांगेच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला होता. गांजाने माणसे वेडी होतात, हा समज तपासण्यासाठी त्याने देशभरातील असायलमच्या नोंदी मागवल्या. तेव्हा दिसले, की आजाराचे कारण लिहिण्याच्या रकान्यात अनेकदा फक्त ‘गांजा’ लिहिलेले आहे आणि लिहिणाऱ्याला त्या माणसाविषयी काहीच ठाऊक नव्हते. रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून तो भरला होता. तिथून पुढची वर्षानुवर्षे त्या माणसाची ओळख तीच. सरकारी फॉर्म भरण्याची ही रीत आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

पाटी बदलली, मग आत काय बदलले?

१९१२ मध्ये नवा कायदा आला, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘असायलम’ शब्द जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आला. तरी कायद्याच्या नावात ‘ल्युनसी’ हा शब्द राहिला आणि तोच कायदा पुढची आठ दशके, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ चालू होता. १९८७चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्षात १९९३ मध्ये लागू झाला.

आतला खरा बदल औषधाने केला. १९५०च्या दशकात क्लोरप्रोमाझिन आले. भास आणि भ्रम गोळ्यांनी आटोक्यात येऊ लागले, तेव्हा माणसाला आयुष्यभर भिंतीआड ठेवण्याचे वैद्यकीय कारणच संपले. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी वेगळाच प्रयोग केला. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला लावले. आई, बायको, भाऊ यांनी उपचार डोळ्यांनी पाहिले, औषध कसे द्यायचे ते शिकून घेतले आणि आपल्या माणसाला घरी घेऊन गेले. साधी कल्पना, खर्च तंबूंचा. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या रुग्णालयांत मात्र नातेवाईक फाटकापाशी कागदावर सही करून परत फिरत राहिले.

यात कर्मचाऱ्यांना दोष देऊन चालणार नाही. शेकडो रुग्णांमागे मोजके डॉक्टर, अपुऱ्या परिचारिका, जुनी छपरे आणि गळके नळ यांत अनेकांनी नोकरीची वर्षे काढली. पण सव्वाशे वर्षांपूर्वी कोंडून ठेवण्यासाठी आखलेल्या बराकीत उपचार करणे किती अवघड असते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसेल.

ठाण्याच्या ७२ एकरांचे काय झाले?

रुग्णालय बांधले तेव्हा ठाणे हे एक गाव होते. आज ही सुमारे ७२ एकर जमीन शहराच्या मधोमध आली आहे. काही भागावर अतिक्रमण झाले, वस्त्या उभ्या राहिल्या. ठाणे स्थानकावरचा भार कमी करण्यासाठी ठाणे आणि मुलुंडच्या दरम्यान नवे रेल्वे स्थानक व्हावे, ही मागणी अनेक वर्षांची. त्यासाठी सोयीची जागा म्हणून बोट ठेवले गेले ते मनोरुग्णालयाच्या आवारावर. सुमारे १५ एकर जमीन द्यायची होती. प्रकरण न्यायालयात अडकले आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती उठवल्यावर तो मार्ग मोकळा झाला.

लाखो प्रवाशांना या स्थानकाची गरज आहे, याबद्दल वाद नाही. पण मनोरुग्णालयाच्या जमिनीबाबत एक गोष्ट देशभर दिसते. शहराबाहेरची म्हणून स्वस्तात घेतलेली ही जागा शंभर वर्षांनी सोन्याच्या भावाची होते आणि तिथे राहणाऱ्यांचे मत विचारायला कोणी जात नाही. त्यांच्यातल्या पुष्कळांचे नाव कोणत्या मतदारयादीत आहे, हेही सांगता येणार नाही. म्हणून उरलेल्या जमिनीपैकी किती जमीन रुग्णालयासाठी कायमची राखली जाणार, याचा लेखी आणि जाहीर तपशील पुनर्विकासाच्या आराखड्यासोबत हवा.

‘निम्हान्सच्या धर्तीवर’ म्हणजे नेमके काय?

बंगळुरूची संस्थाही १८४७ मध्ये असायलम म्हणूनच सुरू झाली होती. १९५४ मध्ये त्या मनोरुग्णालयाच्या जोडीला मानसिक आरोग्याची अखिल भारतीय शिक्षणसंस्था आली आणि १९७४ मध्ये दोन्ही मिळून निम्हान्स झाले. म्हणजे जुन्या पागलखान्यातून देशातली अव्वल संस्था घडू शकते, याचा पुरावा आपल्यासमोर आहे. ती घडली कशी, हे मात्र पाहायला हवे.

निम्हान्समध्ये खाटा हजाराच्या आसपास आहेत. ठाण्यात तीन हजारांहून अधिकची योजना आहे. खाटांच्या बाबतीत आपण आदर्शाच्या तिप्पट जाणार आहोत. पण निम्हान्सचे नाव खाटांमुळे झालेले नाही. रोज भरणारी मोठी ओपीडी, मनोविकार आणि मेंदूविकार यांचे एकत्र उपचार, तिथून शिकून बाहेर पडणारे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका, नातेवाइकासह राहता येईल असे वॉर्ड, आणि १९८०च्या दशकात बल्लारी जिल्ह्यात केलेला प्रयोग, या सगळ्यांतून ते झाले. बल्लारीत प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या साध्या डॉक्टरांना मानसिक आजार ओळखायला आणि औषधे द्यायला शिकवले गेले. १९९६ मध्ये देशभर सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याच प्रयोगावर उभा आहे.

ठाण्याची मंजूर क्षमता १,८५० आहे. येरवडा २,५४०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५ असे धरून राज्यातील चारही रुग्णालयांच्या खाटा ५,६९५ होतात. मुंबई महानगराची लोकसंख्या पाहता ठाण्यात अधिक खाटा हव्यात, असे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. व्यसनमुक्ती, मुले, वृद्धांचा स्मृतिभ्रंश, बाळंतपणानंतरचे आजार यांसाठी स्वतंत्र विभाग आज जवळपास नाहीतच. त्या खाटा यासाठी असतील तर स्वागतच. पण त्यांतल्या बहुतेक खाटांवर पुन्हा वर्षानुवर्षे तीच माणसे राहणार असतील, तर आपण १९०१चीच योजना लिफ्ट आणि टाइल्स लावून पुन्हा बांधत आहोत.

जी माणसे आत आहेत, त्यांचे काय?

ही भीती हवेतली नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी झाली, त्यामागे ठाण्याच्या रुग्णालयात दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या एका महिलेचे प्रकरण होते. २०२३ मध्ये न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार राज्यातील चार रुग्णालयांत दहा वर्षांहून जास्त काळ असलेले रुग्ण पावणेपाचशेच्या घरात होते. त्यांतले निम्म्याहून अधिक घरी जाण्याजोगे होते. आजार आटोक्यात आला होता, घर मात्र उरले नव्हते. काहींच्या घरच्यांनी पत्ता चुकीचा दिला होता, काहींचे आईवडील वारले होते, भावांनी जमीन वाटून घेतली होती. बायकांच्या बाबतीत तर माहेर आणि सासर दोन्ही एकमेकांकडे बोट दाखवतात.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे १९वे कलम सांगते, की घरचे स्वीकारत नाहीत किंवा राहायला जागा नाही एवढ्याच कारणावरून कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी सरकारने समाजात राहता येईल अशी निवारागृहे चालवायची आहेत. महाराष्ट्राने यावर काढलेला एक तोडगा सर्वोच्च न्यायालयाला पटला नाही. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवले जात असल्याचे समोर आले, तेव्हा जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने हे ताबडतोब थांबवायला सांगितले.

पुनर्विकासात रुग्ण हलवावे लागणार, तेव्हा आणखी एक घटना डोळ्यांसमोर ठेवायला हवी. दक्षिण आफ्रिकेतील गौटेंग प्रांताने २०१५-१६ मध्ये खर्च वाचवण्यासाठी ‘लाइफ एसिदिमेनी’ या संस्थेशी असलेला करार संपवला आणि तिथल्या सुमारे १,७०० मनोरुग्णांना घाईने वेगवेगळ्या स्वयंसेवी संस्थांकडे पाठवले. अनेक संस्थांकडे वैध परवाना नव्हता, अन्न पुरेसे नव्हते, काही रुग्णांसोबत त्यांची फाइलही गेली नाही. १४४ माणसे मरण पावली. नातेवाइकांना आपला माणूस कुठे आहे, हे शोधत फिरावे लागले. खाटा बंद करण्याचे धोरण तिथेही कागदावर पुरोगामीच होते.

याउलट इटलीत १९७८ मध्ये कायदा करून मनोरुग्णालये बंद करण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्रिएस्ते शहराने आधी वस्त्यांमध्ये चोवीस तास उघडी केंद्रे उभारली आणि मग रुग्णालय रिकामे केले. आधी काय आणि नंतर काय, हा क्रमच तिथे निर्णायक ठरला. अमेरिकेने १९६३ मध्ये अशाच केंद्रांचा कायदा केला, रुग्णालये रिकामी झाली, पण केंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत. अनेक रुग्ण रस्त्यावर आणि तुरुंगात पोहोचले.

आपल्याकडेही चांगली उदाहरणे आहेत. नागपूरच्या रुग्णालयात २०१६ पासून टाटा ट्रस्ट्सने शासनासोबत सुधारणेचे काम हाती घेतले. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून देशाच्या कानाकोपऱ्यातील त्यांच्या घरी सोडले. या कामासाठी त्यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णाला त्याच्या बोलीत बोलते करायचे आणि गावाचे, नदीचे, बाजाराचे नाव काढून घ्यायचे, असे पत्ता शोधण्याचे हे काम असते. डहाणू-तलासरीच्या रुग्णाच्या बाबतीत ही बोली वारली असेल, किंवा धोडी. ठाण्याच्या वॉर्डात ती कळणारा एक समाजसेवक असणे हे एमआरआय यंत्राइतकेच मोलाचे आहे.

अंतराबद्दल कायदा काय म्हणतो?

फार थोड्या लोकांना ठाऊक असलेली तरतूद इथे आहे. याच कायद्याच्या १८व्या कलमानुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा तिच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, ही सरकारची जबाबदारी आहे. प्रत्येक जिल्ह्यात सरकारी सेवा असलीच पाहिजे. जिल्ह्यात किमान सेवा मिळत नसेल, तर रुग्ण जिल्ह्यातील दुसऱ्या ठिकाणी उपचार घेऊ शकतो आणि तो खर्च सरकारने सोसायचा. दारिद्र्यरेषेखालील, बेघर आणि निराधारांना उपचार मोफत. दीर्घकाळ रुग्णालयात ठेवणे हा अखेरचा उपाय, तोही कमीत कमी काळासाठी आणि समाजातले उपचार करून पाहिल्यानंतरच.

थोडक्यात, जुन्या मनोरुग्णालयाच्या जागी काय यावे, हे संसदेने आधीच लिहून ठेवले आहे आणि त्यात मोठ्या इमारतीचा उल्लेख नाही. जवळचा दवाखाना, सामान्य रुग्णालयातल्या काही खाटा, निवारागृह आणि घरी येणारा कार्यकर्ता, असे हे चित्र आहे. ३१व्या कलमात मुदतही आहे. कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत लोकसंख्येच्या मानाने आंतरराष्ट्रीय मापदंडाइतके मानसिक आरोग्य तज्ज्ञ तयार करण्याचा प्रयत्न सरकारने करायचा आहे. कायदा लागू झाला २९ मे २०१८ रोजी. म्हणजे मुदत २०२८च्या मे महिन्यात संपते. त्या तारखेला ठाण्यात किती मजले चढले, याबरोबरच पालघर जिल्ह्यात किती मानसोपचारतज्ज्ञ रुजू आहेत, हेही मोजायला हवे.

डहाणू-तलासरीत गरज किती?

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांपैकी १०.६ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. त्यांत नैराश्य, चिंता, दारूचे व्यसन हे सगळे आले. गंभीर आजार ०.८ टक्के. उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के. २०११च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या चार लाखांवर आणि तलासरीची दीड लाखावर होती. त्यांतले प्रौढ सव्वातीन लाख धरले, तर ढोबळ हिशेबाने ३४ हजारांच्या आसपास लोकांना काही ना काही त्रास आणि अडीच हजारांवर लोकांना गंभीर आजार असू शकतो. ही देशाची सरासरी आहे, तालुक्याचे मोजमाप नव्हे. तरी अंदाज बांधायला पुरेशी.

या अडीच हजारांपैकी भरतीची गरज एका वेळी थोड्यांनाच पडते. बाकीच्यांना दर महिन्याला गोळ्या, अधूनमधून डॉक्टरची नजर आणि कोणीतरी ‘औषध घेतलंस का’ असे विचारणारे हवे असते. काहींना दोन ते चार आठवड्यांतून एकदा द्यायचे इंजेक्शन पुरते. ते उपकेंद्रातली परिचारिका देऊ शकते, त्यासाठी दादरचा पूल ओलांडायला नको.

अडचण अशी, की इथला माणूस वर्षभर एका पाड्यावर नसतो. भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, रेतीच्या कामावर, भिवंडी-वसईला किंवा सीमेपलीकडे गुजरातेत जातात. डहाणू-तलासरीचे कित्येक तरुण पोरबंदर, वेरावळ, ओखा इथल्या बोटींवर खलाशी म्हणून महिनोन् महिने समुद्रात असतात. काही पाकिस्तानच्या हद्दीत गेल्याच्या आरोपावरून कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतात आणि घरी त्यांच्या बायका-आया वाट पाहत बसतात. या वाट पाहण्याचेही मनावर काही होत असेल, याची नोंद कोणत्या रकान्यात होते, कोण जाणे. केसपेपर डहाणूचा, माणूस वेरावळला, अशी स्थिती असेल तर महिन्याच्या औषधाची साखळी तुटणारच. तीन महिन्यांची औषधे एकदम देणे आणि दोन्ही राज्यांत चालेल असे कार्ड, हे काही अशक्य नाही. क्षयरोगाच्या बाबतीत गाव बदललेल्या रुग्णाचा उपचार नव्या ठिकाणी सुरू ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच.

दुसरा विषय भगताचा. शहरी लिखाणात त्याला एका वाक्यात निकालात काढले जाते. पण रात्री दोन वाजता पाड्यावर हाक मारली तर येणारा तोच असतो, हे विसरून कसे चालेल? साखळीने बांधणे, चटके देणे हा गुन्हा आहे आणि २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली कारवाई व्हायलाच हवी. तमिळनाडूत एर्वाडीला २००१ मध्ये साखळीने बांधलेली २८ माणसे आगीत जळून गेली, ते देश विसरलेला नाही. पण जिथे छळ नाही, तिथे भगताला शत्रू ठरवून रुग्ण दवाखान्यात येत नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ नावाचा उपक्रम २००८ पासून सुरू झाला. मुजावर आपल्याकडे आलेल्याला तिथेच बसणाऱ्या डॉक्टरकडे पाठवतो. तलासरीच्या सीमेपलीकडच्या राज्यात जे जमले, ते अलीकडे करून पाहायला हरकत नसावी.

सामान्य माणसांना थोडे प्रशिक्षण देऊन गावातच मदत पोहोचवण्याचे काम गोव्यात ‘संगाथ’ने केले, नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ प्रकल्पाने केले. ठाण्याच्या नव्या रुग्णालयाने आपल्या विद्यार्थ्यांना आणि तज्ज्ञांना आळीपाळीने डहाणू, कासा, तलासरी इथे ओपीडी चालवायला पाठवले, तर ‘निम्हान्सच्या धर्तीवर’ या शब्दांना काही अर्थ येईल. आराखड्यात इमारतीच्या खर्चाशेजारी या गाड्यांच्या डिझेलचा आणि नातेवाइकांच्या निवासाचा रकाना आहे की नाही, हे लोकप्रतिनिधींनी विचारायला हवे.

तोपर्यंत कुटुंबाने काय करावे?

‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येते. ठाण्याला जाण्याआधी डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराची सेवा कोणत्या वारी मिळते ते विचारा. आकडी येणारे रुग्णही तिथेच दाखवता येतात. भरती करावी लागलीच तर रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे कागदावर नोंदवून घ्या. पत्ता लिहिताना नुसते ‘डहाणू’ लिहू नका, पाड्याचे नाव, ग्रामपंचायत आणि शेजारच्या दुकानदाराचा किंवा आशाताईंचा मोबाइल क्रमांक द्या. आपला फोन बदलतो, त्यांचा सहसा बदलत नाही.

सुट्टी मिळताना उपचाराच्या कागदांची प्रत मागा, तो रुग्णाचा हक्क आहे. औषधाचे कंपनीने दिलेले नाव आणि मूळ नाव दोन्ही लिहून घ्या, त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. सोडण्यास विनाकारण उशीर होत असेल किंवा मनाविरुद्ध ठेवले जात असेल, तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. आणि भट्टीवर किंवा बोटीवर जायची तारीख ठरली, की ती दवाखान्यात आठ दिवस आधी सांगा, म्हणजे गोळ्या सोबत बांधून घेता येतील.